उचंत खाते

मी बँकेत कारकून आहे. अलीकडे आमच्या पदाचं नाव लांबवून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं केलं आहे. त्यामुळे ओळख करून द्यायला वेळ जास्त लागतो, एवढाच फरक. बी.कॉम.ला असताना मी चुकांचे प्रकार पाठ केले होते, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या शिक्षणातला तेवढाच भाग पुढं रोज उपयोगी पडला. नोंद करायचीच राहून गेली, ही एक चूक. केली पण भलतीच केली, ही दुसरी. मूळ तत्त्वालाच धरून नाही, ही तिसरी. पण सगळ्यांत डांबरट ती चौथी. तिला भरपाईची चूक म्हणतात. नावे बाजूला शंभर रुपये चुकून जास्त लिहिले आणि जमेच्या बाजूलाही कुठंतरी शंभरच जास्त पडले, की दोन्हीकडची बेरीज बिनबोभाट जुळते. कारकून खूश, साहेब खूश. दोन चुका मात्र वहीत मांडीला मांडी लावून सुखानं बसलेल्या असतात.

आणि बेरीज नाहीच जुळली तर? तर फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकायची. चूक सापडेपर्यंत ती तिथं राहते. उचंत खातं म्हणजे हिशेबातला माळा. नको ते वर टाकायचं आणि शिडी काढून घ्यायची.

ही सगळी उजळणी मला गेल्या वर्षी करावी लागली ती एका लग्नपत्रिकेपायी.

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं जाहीर केलं की पत्रिका हातकागदावरच हव्यात आणि त्याही खिळ्यांच्या छपाईच्या. मी म्हणालो, "अगं, हल्ली पत्रिका मोबाइलवरून फुकट जातात."

"फुकटच जातात, काका," ती म्हणाली.

एका पत्रिकेला एकशे ऐंशी रुपये पडणार होते. माझ्या लग्नाची पत्रिका चार रुपयांत झाली होती आणि लग्न अजून टिकून आहे, हे मी सांगून पाहिलं. सौ. म्हणाली, "त्यात पत्रिकेचं काही श्रेय नाही." विषय संपला.

खरी पंचाईत नानांची होती. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं पुण्यातल्या पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवले. समोर खणांची केस, डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं एकेक खिळा वेचून ओळ भरायची. जुळलेली ओळ उलटी दिसते, त्यामुळे नानांना उलटं वाचायची इतकी सवय, की बसमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवरचं वर्तमानपत्र ते त्याच्या आधी वाचून संपवत. १९९२ साली छापखाना बंद पडला. ऑफसेट आलं होतं, संगणक येत होता. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचे ते खिळे मालकांनी किलोच्या भावानं मोडीत घातले. त्या दिवशी घरी येऊन नाना एवढंच म्हणाले, "जन्मभर एकेक वेचलं आणि शेवटी वजनावर गेलं." पुढं त्यांनी एका दुकानात हिशेब लिहिले, पण छापखान्याचं नाव काढलं नाही. आणि आता त्यांची नात तेच काम हौस म्हणून, दामदुप्पट देऊन करून घेणार होती. मला वाटलं, नाना चिडतील. नाना म्हणाले, "मी येतो बघायला."

एका रविवारी आम्ही तिघं कोथरूडला गेलो. एका बंगल्याच्या गॅरेजात हा स्टुडिओ. मोटार बाहेर उन्हात आणि छापखाना आत सावलीत, यावरूनच मालकिणीचा जीव कशात आहे ते कळत होतं. मालकीण तिशीची, अंगात ॲप्रन, कोपरापर्यंत लगदा. तिनं आधी कागद दाखवला. सुती चिंध्या बारीक कापायच्या, बीटरमध्ये पाण्याबरोबर तासन्‌तास कुटायच्या, त्याचा ताकासारखा पातळ लगदा टाकीत सोडायचा. मग जाळीची चौकट त्यात बुडवून आडवी वर उचलायची. पाणी गळून जातं, तंतू जाळीवर एकमेकांत गुंततात, आणि कागद तयार होतो. तो ओल्या कापडावर उलटा उठवायचा, दाबाखाली ठेवायचा, वाळत घालायचा. त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर तो टीपकागदासारखी शाई पिऊन टाकतो.

"बनियनचं कापड फार छान चालतं," ती म्हणाली. घरी गेल्यावर मी हे सांगितलं तेव्हा सौ.नं माझ्या बनियनांकडे अशा नजरेनं पाहिलं, की तेव्हापासून मी ती स्वतःच वाळत घालतो.

पुण्याला हे नवं नाही. कसब्यात कागदीपुरा आहे. नाव उगाच पडलेलं नाही. जुन्नरचा कागदही एके काळी नावाजलेला होता. १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था निघाली, ती गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातूनच. तेव्हा हा कागद गरिबाच्या हाताला काम म्हणून होता. आता तो श्रीमंताच्या हाताला बरा लागतो म्हणून आहे. तक्रार नाही, नोंद करून ठेवतो.

मीही एक कागद काढून पाहिला. एका बाजूला तो धिरड्यासारखा जाड झाला. ती म्हणाली, "हरकत नाही काका, चौकट उलटी करून टाकीला टेकवा." मी टेकवली, आणि सगळा लगदा निमूट पाण्यात परत गेला. जणू काही घडलंच नाही! दुसरा कागद बरा निघाला, पण कापडावर उठवल्यानंतर माझ्या हाताचं पाणी त्यावर पडलं. चार-दोन थेंब. मी म्हटलं, "हाही परत टाकू?"

"आता नाही जमत. आणि वाळल्यावरही हे थेंब उजेडात दिसणार. पण असू दे ना, अपूर्णतेतच सौंदर्य असतं."

हे वाक्य मला फार आवडलं. दिवसअखेर कॅश जुळली नाही तर साहेबांना ऐकवून पाहावं असंही वाटलं.

एवढ्यात नाना केसकडे गेले होते. इंग्रजीचं काम दोन केशींत भागतं. आपल्या देवनागरीला जोडाक्षरं, काना-मात्रा, अर्धी अक्षरं मिळून शेकड्यांनी खिळे लागतात. ही संख्या कमी करण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनी डोकं चालवलं होतं. त्या मुलीनं मोडीवाल्यांकडून जमतील तसे खिळे आणले होते आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी चिकटवली होती. नानांनी चिठ्ठी वाचली नाही. हात नुसता पुढं गेला आणि भलत्याच खणात पडला. "इथले भाडेकरू बदललेत," ते म्हणाले. पण अर्ध्या तासात त्यांना नवे पत्ते पाठ झाले. शहात्तर वर्षांचा माणूस, घरी चहाचा कप धरताना हात कापतो, तो इथं कापत नव्हता.

मुलगी त्यांना आपले नमुने दाखवत होती. जाड मऊ कागदात अक्षरं खोल रुतलेली, मागून बोट फिरवलं तर उठाव लागतो. नाना म्हणाले, "आमच्याकडे कागदाच्या मागं उठाव दिसला, की मालक मशीनमनला उठवायचे. शाई कागदाला लागली पाहिजे, खिळा नाही."

"पण आजोबा, लोक त्या उठावाचेच पैसे देतात."

नाना हसले. तेव्हाची चूक आता किंमत झाली होती. मला हे तत्त्वज्ञान सोयीचं वाटायला लागलं. काळ गेला, की चुकीचंही सोनं होतं. नाहीतरी हिंदुस्थानात छापखाना प्रथम आला तो १५५६ साली गोव्यात, आणि तोसुद्धा निघाला होता ॲबिसिनियाला! वाटेत अडकला म्हणून आपल्याला मिळाला. मी हे मोठ्यानं बोलूनही दाखवलं.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी पुतणीच्या पत्रिकेचा मजकूर जुळवायला घेतला होता. लग्न १२ तारखेचं. तारखेपाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी प्रूफ काढलं, स्वतः वाचलं, मला वाचायला दिलं, त्या मुलीला दिलं, पुतणीला म्हणाले, "तुझ्या सासरी फोन करून तारीख विचार."

"आजोबा, माझं लग्न आहे. मला माहीत आहे तारीख!"

"तरी विचार."

तिनं विचारली. तिच्या सासरचे घाबरले, ते वेगळंच. मग स्टुलावर बसून, शाईचा हात फडक्याला पुसत नानांनी जे सांगितलं ते मी जन्मात प्रथम ऐकत होतो.

१९८१ सालचा एप्रिल. लग्नसराईचं काम, मुद्रितशोधक रजेवर. एका लग्नपत्रिकेत नानांनी २१ मेच्या जागी १२ मे जुळवलं. प्रूफही त्यांनीच वाचलं, आणि आपण लिहिलेलं आपल्याला नेहमीच बरोबर वाटतं. पत्रिका छापल्या, पोस्टातही पडल्या. साताऱ्याकडचे पाहुणे नऊ दिवस आधी वळकट्यांसह दारात हजर झाले. इथपर्यंत आम्ही हसत होतो. पुढं मालक छापखान्यात आले आणि गरजले, "हे त्या पोराचं काम!" छापखान्यात अठरा वर्षांचा एक उमेदवार होता, नुकता खिळे जुळवायला शिकत होता. नानांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पोराचा पगार कापला गेला आणि त्याला त्याच दिवशी काढून टाकलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आठ दिवसांचा होतास."

वाचकहो, दुसऱ्यांच्या चुकांवर मतं द्यायला मला आवडतं. काउंटरच्या काचेमागं बसून ते सोपं असतं. पण माझ्या दुधाचा डबा त्या पोराच्या नोकरीतून आला होता, हे ऐकल्यावर काच मध्ये राहिली नाही. लगदा ओला असताना चौकट टाकीला टेकवली की सगळं परत जातं. नानांच्या हातात तो क्षण होता. तो गेला, आणि थेंब उमटून राहिले.

तरी मी बी.कॉम.च. मी हिशेब मांडायला लागलो. तो पोरगा कोण ते मला माहीत होतं, कारण त्याच्या छापखान्याची पाटी सगळ्या पेठेला माहीत आहे. तिथून काढल्यावर तो ऑफसेटच्या कामाला लागला, पुढं स्वतःचं मशीन घेतलं, इमारत बांधली. ज्या साली नानांच्या छापखान्याचे खिळे मोडीत गेले, त्या साली त्याच्या दारात टेम्पो उभे होते. मी म्हणालो, "नाना, म्हणजे एका अर्थी त्याचं भलंच झालं. तिथं राहता तर तोही तुमच्याबरोबर रस्त्यावर आला असता."

"म्हणजे मी त्याच्यावर उपकार केले?"

मी गप्प बसलो. ॲबिसिनियाचा दाखलाही गिळला. गोव्यात छापखाना अडकला तेव्हा त्यापायी कुणा गरिबाचा पगार कापल्याचं मी काही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत बसल्या बसल्या मला उलगडा झाला. मी करत होतो ती भरपाईची चूकच होती. बेरीज जुळली म्हणून दोन्ही नोंदी बरोबर आहेत असं धरून चाललो होतो. शिवाय आमच्याकडे 'सेट-ऑफ' नावाचा अधिकार असतो. एखाद्याच्या कर्जाची रक्कम त्याच्याच ठेवीतून वळती करून घ्यायची. पण त्याला अट आहे. दोन्ही खाती एकाच माणसाची, एकाच नात्यानं असली पाहिजेत. जोशांचं कर्ज कुलकर्ण्यांच्या ठेवीतून वळतं करता येत नाही; केलं तर कारकून घरी जातो. त्या पोराची इमारत त्याच्या जमेला होती. नानांचं गप्प राहणं नानांच्या नावे होतं. एकातून दुसरं वळतं करणारा मी कोण?

पत्रिका आल्या. सुरेख आल्या, हे कबूल करायला हवं. नानांनी पहिली देवापुढं ठेवली आणि दुसरी पिशवीत घातली. म्हणाले, "चल."

तो गृहस्थ आता साठी ओलांडलेला. काम मुलगा बघतो, हा केबिनमध्ये बसून बघत असल्यासारखं करतो. नानांना पाहून उठून उभा राहिला. नाना म्हणाले, "तुम्हाला पत्रिका द्यायला आलो."

"नाना, मला अहो-जाहो काय करता!" त्यानं पत्रिका हातात घेतली, कागद उजेडाला धरला, बोट फिरवलं. "खिळे! कुणी जुळवले? तुम्ही?" मग नजर तारखेवर गेली आणि तो थांबला.

नाना म्हणाले, "त्या वेळची तारीख मी चुकवली होती. तुझा हात नव्हता त्यात. मी बोललो नाही."

तो जरा वेळानं हसला. म्हणाला, "अहो, त्यांनी काढलं म्हणून तर हे सगळं झालं. तुमचे उपकारच म्हणायचे."

"ते तुझं कर्तृत्व. माझ्या खात्यावर जमा करू नकोस."

मला वाटलं, नानांनी बी.कॉम. करायला हवं होतं.

चहा आला. तो बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "मालकांनी एकशे चाळीस रुपये कापले होते. घेऊ का आता?"

"पैशानं फिटत असतं तर मनीऑर्डर केली असती," नाना म्हणाले. "दुसरं काय झालं होतं, ते सांग."

आणि मग त्यानं सांगितलं. काढलं हे घरी सांगायचा धीर झाला नाही. दीड महिना तो रोज सकाळी डबा घेऊन कामाला निघाल्यासारखा निघत असे, पर्वतीच्या पायथ्याशी बसून डबा खात असे आणि सहाला घरी येत असे. महिनाअखेर पगार कुठला द्यायचा, तेव्हा आईला कळलं. "आई रागावली नाही. पण पुढं मी कुठलंही काम घेतलं की म्हणायची, तारीख नीट बघ रे बाबा. इमारतीच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेलासुद्धा म्हणाली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, ते माझ्याच हातून झालं." मग तो म्हणाला, "पाच वर्षं झाली तिला जाऊन. नाना, जरा आधी आला असता."

नाना काहीच बोलले नाहीत. मीही नाही. इतकी वर्षं नानांना वाटत होतं, आपण एका पोराचं नुकसान केलं. खरी रक्कम आज कळली होती, आणि तिच्यातला मोठा हिस्सा जिच्या नावावर होता ती खातेदारच राहिली नव्हती.

मला पुष्कळदा प्रश्न पडतो, की इतक्या उशिरा जाऊन नानांनी मिळवलं काय? चूक खोडली गेली नाही. चूक खोडताच येत नाही. आमच्या वहीतही चुकीची नोंद खरवडून काढत नाहीत, तिच्यासमोर दुरुस्तीची नोंद करतात, आणि दोन्ही तशाच राहतात. पण दुरुस्तीची नोंद करायला रक्कम माहीत लागते. नाना ती विचारायला गेले होते. आपल्यापैकी बहुतेकजण माफी मागायला जातात ते रक्कम ऐकायची तयारी नसताना. "जाऊ दे हो, झालं ते झालं" असं समोरच्यानं चटकन म्हणावं, चहा द्यावा आणि आपण हलक्या पायानं जिना उतरावा, एवढीच अपेक्षा असते. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी असाच चहा पिऊन आलो आहे. नानांनी रक्कम ऐकून घेतली. थोडी फिटली. बाकीची उचंत खात्यातच राहिली. पण आता ती कोणाची आणि किती, हे तरी लिहिलेलं आहे.

जिना उतरताना नाना माझा हात धरून होते. त्यांचा हात पुन्हा कापत होता.

लग्नाला तो गृहस्थ आला. बायको-मुलासकट आला, पंगतीत नानांच्या शेजारी बसला. मी आग्रहाची जिलबी घेऊन गेलो तेव्हा नाना मला खालच्या आवाजात म्हणाले, "बरोबर तारखेला आला बघ."

त्यानं ते ऐकलं. जिलबीला ताट पुढं करत म्हणाला, "आलो खरा. पण काल तुमच्या घरी फोन करून विचारून घेतलं होतं."